जीएसएम मॉड्यूलवरून बोलताना पलीकडे टर्रर्र ऐकू जातं: माइक-स्पीकरचं सर्किट कसं करावं?

खुळखुळा

नमस्कार मंडळी. एक आपत्कालीन कॉलपेटी बनवतोय. बटण दाबलं की आतलं जीएसएम (टू-जी मोबाइल) मॉड्यूल ठरलेल्या नंबरवर फोन लावतं आणि माणूस पेटीसमोर उभा राहून बोलतो. फोन लागतो, एसएमएस जातो, नेटवर्क टिकतं. घोडं अडलंय ते आवाजापाशी.

माइक साधा, दोन पायांचा इलेक्ट्रेट. मॉड्यूलला माइकच्या दोन पिना आहेत, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह. निगेटिव्ह मॉड्यूलपाशीच ग्राउंडला जोडली आहे. पॉझिटिव्हला मॉड्यूलच्या २.८ व्होल्टमधून २.२ किलोओहमने बायस (माइक चालायला लागणारं व्होल्टेज) दिलाय आणि मध्ये १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर आहे. आउटपुटला ३२ ओहमच्या रिसीव्हरसाठीच्या दोन पिना आहेत. त्यातली एक क्लास-डी ॲम्प्लिफायरला दिली आणि पुढे ८ ओहमचा स्पीकर. स्पीकर माइकपासून वीतभर लांब, एकाच प्लास्टिकच्या पेटीत.

तक्रारी दोन. पहिली, पलीकडच्या माणसाला सतत टर्रर्र ऐकू जातं. गंमत म्हणजे मी बोलायला लागलो की ते वाढतं, गप्प बसलो की बरंच कमी होतं. दुसरी, त्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो. माझ्या बाजूला स्पीकरमधून मात्र आवाज ठीकठाक आहे.

माइकवर ३३ पिकोफॅरड लावून पाहिला, ढिम्म फरक नाही. कुठला फिल्टर लावू?

शून्यभार

फिल्टर नंतर. आधी हा आवाज येतो कुठून ते समजून घ्या, म्हणजे अर्धं काम होईल.

जीएसएममध्ये मॉड्यूल सलग प्रक्षेपण करत नाही. ४.६१५ मिलिसेकंदांची एक फ्रेम, तिचे आठ भाग, आणि त्यातल्या एकाच भागात म्हणजे साधारण ५७७ मायक्रोसेकंद तुमचं मॉड्यूल बोलतं. उरलेले सात भाग इतरांचे. म्हणजे ट्रान्समीटर सेकंदाला सुमारे २१७ वेळा चालू-बंद होतो. तुमचं टर्रर्र ते हेच. त्यात जी बारीक थरथर जाणवते तिचंही कारण आहे: दर २६ फ्रेममध्ये एक फ्रेम रिकामी जाते, तो काळ १२० मिलिसेकंद, म्हणून सेकंदाला आठेक वेळा आवाज किंचित तुटतो.

बोलल्यावर वाढतं हे लक्षण छान सांगितलंत. नेटवर्कने डीटीएक्स (बोलणं नसताना प्रक्षेपण थांबवण्याची सोय) चालू ठेवलं असेल तर शांततेत मॉड्यूल बऱ्याच फ्रेम पाठवतच नाही. तुम्ही तोंड उघडलं की सगळ्या फ्रेम भरतात. त्यामुळे गप्प बसून चाचणी घेतलीत तर बोर्ड उगाच पास होईल. चाचणीच्या वेळी कुणालातरी सलग आकडे मोजायला लावा.

आता फिल्टर. २१७ च्या पटी बघा: ४३३, ६५०, ८६७, आणि पुढे. फोनवरच्या बोलण्याचा पट्टा ३०० ते ३४०० हर्ट्झ. म्हणजे त्रास बोलण्याच्या पट्ट्यातच बसलाय. तो आत शिरल्यावर फिल्टरने काढायला गेलात तर बोलणंही जाईल. तो शिरतो कुठून ते दार शोधायला हवं.

दारं दोन. एक हवेतून: अँटेनाची शक्ती माइकच्या तारा पकडतात आणि माइकच्या आतला छोटा फेट (ट्रान्झिस्टर) तिचं डिटेक्शन करतो, म्हणजे तिच्यातला चालू-बंदचा ठेका ऐकू येणारा सिग्नल बनवतो, जुन्या रेडिओतल्या डायोडसारखं. दुसरं दार तांब्यातून: प्रत्येक प्रक्षेपणाला मॉड्यूल बॅटरीतून दीड-दोन अँपिअर ओढतं आणि ते झटके ग्राउंडमधून परत जातात. ३३ पिकोफॅरडचा कपॅसिटर फक्त पहिल्या दारावर बसतो. त्याने काडीचा फरक पडला नाही म्हणजे माझा संशय दुसऱ्यावर.

पावशेर

एवढा काथ्याकूट कशाला? बॅटरीच्या पिनेवर १००० मायक्रोफॅरड ठोका. माझ्या एका बोर्डावर टर्रर्र तिथल्या तिथे गेलं होतं.

मिलीव्होल्ट

पावशेर, कपॅसिटर हवाच, पण त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची ते मोजून बघू या. २ अँपिअर गुणिले ५७७ मायक्रोसेकंद म्हणजे १.१५ मिलिकूलॉम. हा सगळा भार एकट्या १००० मायक्रोफॅरडने उचलायचा तर व्होल्टेज १.१५ व्होल्टने खाली येईल आणि मॉड्यूल त्याआधीच मान टाकेल. म्हणजे करंटचा मोठा वाटा पुरवठ्यानेच द्यायला हवा. रेग्युलेटर दोन अँपिअरचा झटका पेलणारा हवा, बॅटरीचा ट्रॅक रुंद आणि आखूड हवा. कपॅसिटर कमी ईएसआरचा (कमी अंतर्गत रोधाचा), मॉड्यूलच्या पिनेला चिकटून, आणि शेजारी १०० नॅनोफॅरड, ३३ आणि १० पिकोफॅरड. तुमच्याकडे तेवढ्याने भागलं कारण कपॅसिटरने झटक्यांची वाट छोटी केली असणार. खुळखुळांच्या बोर्डावर ती वाट माइकच्या ग्राउंडमधून जात असेल तर कपॅसिटर वाढवून आवाज कमी होईल, जाणार नाही.

आता ग्राउंडचं गणित, कारण खरी मेख तिथे आहे. समजा माइकचं ग्राउंड आणि बॅटरीचं ग्राउंड यांच्यात सामायिक तांब्याचा रोध फक्त १० मिलिओहम आहे. त्यातून २ अँपिअर गेले की २० मिलिव्होल्टचा चौकोनी झटका. माइक किती देतो? ऋण ४२ डेसिबलचा इलेक्ट्रेट ९४ डेसिबल ध्वनिदाबाला साधारण ८ मिलिव्होल्ट देतो. ओठांजवळ बोलण्याचा दाब ८९ च्या आसपास, म्हणजे साडेचार मिलिव्होल्ट. तुमच्या पेटीत तर माणूस अर्ध्या मीटरवर उभा राहणार. तिथे ६५ डेसिबल धरले तर हातात उरतो ०.३ मिलिव्होल्टसुद्धा नाही. एकाच नळावर मोटार लावून कुणी पाणी उपसतंय आणि त्याच नळाला तुम्ही ड्रॉपर लावून थेंब मोजताय, असा प्रकार आहे.

म्हणून मॉड्यूलवाल्यांनी माइकला दोन पिना दिल्यात. तुम्ही निगेटिव्ह पिन मॉड्यूलपाशी ग्राउंड केलीत, तिथे डिफरन्शियल इनपुटचा सगळा फायदा संपला. ती तार माइकच्या पायापर्यंत न्यायची. दोन्ही तारा शेजारी-शेजारी, सारख्या लांबीच्या, दोन्हीत सारखाच १०० नॅनोफॅरड. झटका दोन्हीवर सारखा बसला की इनपुट त्याची वजाबाकी करतं.

अगदी तोलून करायचं तर बायसही वाटून द्या: बायसपासून माइकच्या पॉझिटिव्ह पायाला १ किलोओहम, निगेटिव्ह पायापासून ऑडिओ ग्राउंडला १ किलोओहम. बायसच्या आधी आणखी एक १ किलोओहम आणि त्याच्यापुढे ग्राउंडला १० मायक्रोफॅरड. याची कटऑफ १६ हर्ट्झला पडते, म्हणजे बायसवरून येणारा २१७ चा खळखळाट बावीस-तेवीस डेसिबलने दबतो. माझ्या मते माइकच्या सर्किटमधले सर्वात सत्कारणी लागणारे दोन भाग हेच.

एक हिशेब तेवढा करा. तीन किलोओहममधून माइकचा अर्धा मिलिअँपिअर गेला तर दीड व्होल्ट तिथेच खर्च होतात आणि २.८ मधून माइकला १.३ उरतात. माइकच्या डेटाशीटमध्ये किमान व्होल्टेज बघून रोध ठरवा. काही मॉड्यूल बायस आतूनच देतात. त्यांना बाहेरून पुन्हा देऊ नका.

शून्यभार

+१. वरच्या प्रतिसादात एकच भर. ३३ आणि १० पिकोफॅरड हे आकडे कुणी हवेतून आणलेले नाहीत. छोट्या सिरॅमिक कपॅसिटरचं स्वतःचं इंडक्टन्स एक नॅनोहेन्रीच्या आतबाहेर असतं. त्याच्यासह ३३ चा रेझोनन्स ९०० मेगाहर्ट्झजवळ येतो आणि १० चा १८०० जवळ. हेच जीएसएमचे पट्टे, आणि तिथे ते जवळजवळ शॉर्टसर्किट होतात. ‘३३ ने झालं नाही, मग १ नॅनोफॅरड लावतो’ असं केलंत तर ९०० मेगाहर्ट्झला तो इंडक्टरच ठरतो. आणि हे कपॅसिटर माइकच्या पायाला चिकटून लावा. तारेच्या दुसऱ्या टोकाला लावले तर मधली तार अँटेना बनायला मोकळीच. अंगातच हे दोन कपॅसिटर असलेले माइकही मिळतात.

ईएसडीचा (स्थिर विजेच्या झटक्यापासून वाचवणारा) डायोड लावणार असाल तर तोही एक डायोडच आहे हे विसरू नका, रेडिओ लहरी तोही डिटेक्ट करू शकतो. त्याच्या शेजारीही ३३ ची जागा ठेवा.

खुळखुळा

बापरे, बरंच कळलं. पण माझ्या बोर्डावर हवेतून येतंय की तांब्यातून हे ठरवायचं कसं? सगळं उखडून पुन्हा करण्याआधी खात्री हवी.

मिलीव्होल्ट

सोपं आहे, इस्त्री आणि कात्री एवढंच लागेल. म्हणजे सोल्डरिंगची इस्त्री!

माइक काढा आणि त्याच जागी, त्याच तारांच्या टोकाला, २.२ किलोओहमचा रेझिस्टर लावा. फोन लावा. पण डीटीएक्सची गोष्ट लक्षात ठेवा, आता माइकच नाही, म्हणजे तुमच्या बाजूने बोलणं जाणार नाही, म्हणून तुलना गप्प असतानाच्या टर्रर्रशीच करा. तरी टर्रर्र आलं तर माइकचा फेट निर्दोष. मग मॉड्यूलजवळ, दोन्ही कपॅसिटरची माइककडची टोकं एकमेकांना जोडा. त्यासाठी निगेटिव्ह पिन ग्राउंडपासून सोडवून तिच्यातही आधी कपॅसिटर घाला. तिथे आवाज गेला, तर दोष मॉड्यूलपासून माइकपर्यंतच्या वाटेत. नाही गेला, तर मॉड्यूलच्या पुरवठ्यात किंवा खुद्द मॉड्यूलखालच्या ग्राउंडमध्ये.

तिसरी गोष्ट अँटेना. मीटरभर कोॲक्सियल केबलवर ती लांब न्या. आवाज लक्षणीय बदलला तर हवेतून, नाही तर तांब्यातून. करता आलं तर ही चाचणी नेटवर्क कमकुवत असलेल्या ठिकाणी करा. तिथे मॉड्यूल पूर्ण शक्तीने ओरडतं, ९०० च्या पट्ट्यात २ वॉटपर्यंत. टॉवरच्या जवळ ते शक्ती उतरवतं आणि बोर्ड आहे त्यापेक्षा चांगला वाटतो.

ऑसिलोस्कोप असेल तर माइकचं ग्राउंड आणि मॉड्यूलचं ग्राउंड यांच्यात लावून बघा. दर ४.६ मिलिसेकंदांनी उंचवटा दिसला की पंचनामा पूर्ण. पण आधी प्रोबचं टोक त्याच्याच ग्राउंडच्या चिमट्याला लावून बघा. चिमट्याच्या तारेचा वेढाच लहरी पकडतो आणि नसलेला झटका दाखवतो.

पावशेर

कात्री कशाला ते राहिलं.

मिलीव्होल्ट

ग्राउंडचा ट्रॅक कापायला. कात्री नाही चालली तर ब्लेड.

खुळखुळा

करून बघितलं. निकाल असे:

माइकच्या जागी रेझिस्टर: शांततेत येणारं टर्रर्र जसंच्या तसं. मॉड्यूलजवळ टोकं जोडली: जवळपास गेलं, कान लावून ऐकलं तर किंचित. अँटेना लांब नेली: थोडं कमी, फार नाही. स्कोपवर माइकचं ग्राउंड आणि मॉड्यूलचं ग्राउंड यांच्यात १५ मिलिव्होल्टच्या आसपास उंचवटे, अगदी ४.६ मिलिसेकंदांनी. चिमट्याची शहानिशा केली, तिथे सपाट रेघ होती.

बोर्ड उलटा करून बघितल्यावर उलगडा झाला. बॅटरीचा सॉकेट, ॲम्प्लिफायर आणि माइकचा सॉकेट एकाच काठावर आहेत आणि तिघांचं ग्राउंड एकाच पट्टीने मॉड्यूलकडे जातं. माइकचं ग्राउंड त्या पट्टीवरून कापलं, निगेटिव्ह तार कपॅसिटरसह माइकच्या पायापर्यंत नेली, दोन्ही तारा पिळल्या आणि माइकचं ग्राउंड एका वेगळ्या तारेने थेट मॉड्यूलच्या ऑडिओ ग्राउंडच्या पिनेवर टेकवलं. टर्रर्र आता मुद्दाम शोधावं लागतं. त्यावर माइकपाशी ३३ आणि १० लावल्यावर तेही गेलं. पहिल्या वेळी ३३ ने फरक का दिसला नाही ते आत्ता कळतंय, मोठा आवाज छोट्याला झाकत होता.

आता प्रतिध्वनीचं बघू. तो तसाच आहे.

रेषेपल्याड

धागा वाचत होतो, प्रतिध्वनीचा विषय आला म्हणून लिहितोय.

मॉड्यूलमध्ये एको (प्रतिध्वनी) कॅन्सलर असतो. स्पीकरला काय पाठवलं ते त्याला माहीत असतं. माइकमध्ये त्याची जी छाया येते तिचा अंदाज बांधून तो ती वजा करतो. पण हा अंदाज सरळ रेषेचा, लिनियर असतो. ॲम्प्लिफायर क्लिप झाला (सिग्नलची टोकं कापायला लागला), स्पीकर फाटल्यासारखा वाजला किंवा पेटीचं प्लास्टिक खुळखुळलं, की जो आवाज माइकमध्ये येतो तो मूळ सिग्नलमध्ये नव्हताच. कॅन्सलर त्याला वजा करणार कसा? म्हणून एकोसाठी मॉड्यूलला द्यायच्या एटी कमांडमधल्या आकड्यांशी झटापट करण्याआधी स्पीकर आणि पेटी तपासा.

ॲम्प्लिफायरचा गेन इतका ठेवा की मॉड्यूलचा आवाज कमाल असतानाही तो क्लिप होणार नाही. माइक रबराच्या बुशमध्ये बसवा आणि बुश पेटीच्या छिद्राला हवाबंद चिकटू द्या, म्हणजे पेटीच्या आतली हवा माइकला ऐकू जाणार नाही. स्पीकरच्या पाठीला स्वतंत्र बंद कप्पा द्या. एवढ्यावर माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त एको जातो. मग माइकचा गेन, मग कॅन्सलरचे आकडे. आवाज कमी-जास्त करायला एटी+सीएलव्हीएल वापरा. ॲम्प्लिफायरवर पोटेन्शिओमीटर (फिरवायचा रोध) ठेवला आणि कुणी कॉलच्या मध्येच फिरवलं, तर एकोची वाट बदलते आणि कॅन्सलरला पुन्हा पहिल्यापासून जुळवून घ्यावं लागतं.

तुमच्या जोडणीतली आणखी एक गोष्ट खटकली. रिसीव्हरच्या दोन पिनांपैकी एकच घेतलीत. ते ब्रिज आउटपुट आहे, दोन्ही पिना एकमेकींच्या उलट हलतात. एक सोडली तर सिग्नल निम्मा, आणि ग्राउंडचा सगळा कचरा त्यात मिसळलेला. दोन्ही पिना सारख्या कपॅसिटरमधून ॲम्प्लिफायरच्या डिफरन्शियल इनपुटला द्या. त्यातली एक पिन ग्राउंडला मात्र कधीही बांधू नका, अर्धा ब्रिज शॉर्ट होईल. एकेरी आउटपुट असलेलं मॉड्यूल असतं तर ३२ ओहमच्या मालिकेत कपॅसिटर लागला असता, ३०० हर्ट्झसाठी १६.६ मायक्रोफॅरड येतो, म्हणून २२ लावतात. ब्रिजवर थेट रिसीव्हर जोडायचा तर त्याचीही गरज नाही.

क्लास-डीच्या आउटपुटला ॲम्प्लिफायरजवळच फेराइट बीड लावा आणि स्पीकरच्या तारा पिळा. बीड निवडताना करंटचा आकडा बघा, नाहीतर मोठ्या आवाजाला तीच सॅच्युरेट होते. आणि शटडाउनची पिन मायक्रोकंट्रोलरकडे द्या, कॉल लागल्यावरच ॲम्प्लिफायर जागा करा. ‘फट्’ आवाज वाचतो आणि बॅटरीही.

खुळखुळा

गेन उतरवला, दोन्ही पिना जोडल्या आणि माइकभोवती तात्पुरता फोम कोंबला. पलीकडचा म्हणतो, एको आता फक्त सुरुवातीचे एक-दोन शब्द येतो, मग जातो.

रेषेपल्याड

ते स्वाभाविक आहे, कॅन्सलर तेवढ्यात शिकतो. फोम मात्र टिकाऊ उपाय नाही, बुश बनवाच.

पावशेर

ही सगळी टू-जीची रडगाणी. फोर-जी मॉड्यूल घेतलं की २१७ चा प्रश्नच नाही ना?

शून्यभार

अर्धं खरं. एलटीईच्या (फोर-जीच्या) एफडीडी पद्धतीत, म्हणजे पाठवणं आणि ऐकणं वेगळ्या फ्रिक्वेन्सींवर चालतं तेव्हा, असा ठरावीक चालू-बंदचा ठेका नाही आणि कमाल शक्तीही २३ डीबीएम, म्हणजे २०० मिलिवॉट. टीडीडीमध्ये मात्र १० मिलिसेकंदांच्या फ्रेममध्ये पाठवणं-ऐकणं आलटून-पालटून चालतं, तेव्हा तिथे वेगळ्या सुराची गुणगुण येऊ शकते. आणि मॉड्यूल कॉलसाठी टू-जीवर उतरणारं असेल तर टर्रर्र हजर. ग्राउंडची शिस्त सुटत नाही.

शिवाय दुसरंच काम वाढतं. बऱ्याच फोर-जी मॉड्यूलना ॲनालॉग माइक-स्पीकरच्या पिनाच नसतात, फक्त पीसीएमचा डिजिटल रस्ता असतो. बाहेर कोडेक चिप (डिजिटल आणि ॲनालॉग आवाजाची अदलाबदल करणारी) लावायची आणि तिला आयटूसी या दोन तारांच्या जोडणीवरून सेटिंग द्यायची. पातळी बहुधा १.८ व्होल्टची असते, ३.३ ची चिप सरळ जोडू नका. आणि घेण्याआधी ऑर्डर कोड नीट वाचा. एकाच मॉड्यूलचे फक्त डेटावाले प्रकारही असतात, त्यांवर व्होल्टी (फोर-जीवरून बोलण्याचा) कॉलच होत नाही.

खुळखुळा

पुढची आवृत्ती फोर-जीवरच करायची आहे. कोडेकला वेगळा क्रिस्टल दिला तर चालेल का? चिपच्या डेटाशीटमध्ये तसं सर्किट दिलंय.

शून्यभार

वाजेल, पण टिकटिक येईल. मॉड्यूल त्याच्या क्लॉकने सेकंदाला ८००० नमुने देणार आणि कोडेक स्वतःच्या क्रिस्टलने ८००० घेणार. दोघांत २० पीपीएमचा (दहा लाखांत २० चा) फरक असला तरी सेकंदाला ०.१६ नमुन्याची तफावत पडते. म्हणजे दर सहा-साडेसहा सेकंदांनी एक नमुना गळतो किंवा दुबार येतो. क्रिस्टल महागातला घेतला तर टिकटिक लांबते, थांबत नाही.

मॉड्यूल मास्टर, कोडेक स्लेव्ह ठेवा. पीसीएमच्या बिट क्लॉकवरून स्वतःचा क्लॉक बनवणारा पीएलएल कोडेकमध्ये आहे का ते बघा. नसेल तर मॉड्यूल मास्टर क्लॉक बाहेर देतं का ते तपासा. पुष्कळ मॉड्यूलची नेहमीची मांडणी बिट क्लॉक २०४८ किलोहर्ट्झ, सिंक ८ किलोहर्ट्झ, १६ बिट अशी असते. व्होल्टीवर रुंद पट्ट्याचा आवाज हवा असेल तर सिंक १६ किलोहर्ट्झ लागेल, आणि ते मॉड्यूल आणि कोडेक दोन्हीकडे एकदमच बदलावं लागतं. एकाच बाजूला बदललंत तर माणूस फार हळू तरी बोलतो नाहीतर फार भराभर.

क्लॉकच्या ट्रॅकवर २२ किंवा ३३ ओहमच्या रेझिस्टरची जागा ठेवा, आणि तो ट्रॅक माइकच्या जोडीखालून नेऊ नका. लेआउट झाला की इथे टाका, ऑर्डर द्यायच्या आधी.

मिलीव्होल्ट

आणि टाकाल तेव्हा फक्त वरचा थर नको, ग्राउंडचा थरही टाका. मला तोच बघायचाय.